जोड्या लावल्यावर उरते काय?
अनंताच्या मोजणीचा वाद आणि बौद्ध परंपरा

तापीच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशी यावल हे तालुक्याचे गाव आहे. या तालुक्यातील एका विहारात वर्षावासाच्या काळात संयुत्तनिकायातील ‘अनमतग्ग संयुत्त’ या प्रकरणाचे वाचन चालू असताना आम्ही उपस्थित होतो. वाचन संपल्यावर एका तरुण शिक्षकाने शंका विचारली. आईची आई, तिची आई, अशी मागे जाणारी ओळ संपत नाही असे सुत्त सांगते. आपले सर्व पूर्वज, स्त्रिया आणि पुरुष मिळून, घेतले तर तेही संपणार नाहीत. मग आयांची ओळ हा सर्व पूर्वजांचा केवळ एक भाग असताना दोन्ही सारख्याच म्हणायच्या की काय? भाग आणि पूर्ण सारखे कसे असतील? यावर एक वृद्ध उपासिका म्हणाल्या, “आयांची ओळ लिहून ठेवली आहे कोणी? कागदावर बापाचेच नाव असते.”

शिक्षकाची शंका गणिताची होती आणि उपासिकेचे बोलणे समाजाचे होते. वरवर पाहता या दोहोंचा परस्परांशी काही संबंध दिसत नाही. परंतु या शंकेचा इतिहास शोधू लागलो तेव्हा असे आढळले की, गेल्या दोन-अडीच हजार वर्षांत भारतातील बौद्ध, जैन व ज्योतिषी विद्वानांनी आणि पुढे युरोपातील गणितज्ञांनी या एकाच शंकेभोवती विचार केला आहे. प्रस्तुत लेखात त्या विचाराचा क्रमाने परामर्श घेण्याचा आमचा प्रयत्न आहे.

१. काड्या आणि माता

तिणकट्ठ सुत्तातील दृष्टान्त आमच्या बहुतेक वाचकांना परिचित असेल. जंबुद्वीपातील सर्व गवत, काड्या, फांद्या व पाने तोडून त्यांचे चार-चार बोटांचे तुकडे करावेत. मग एक-एक तुकडा बाजूला ठेवीत ‘ही माझी आई’, ‘ही माझ्या आईची आई’ असे म्हणत जावे. तथागत सांगतात की काड्या संपतील, माता संपणार नाहीत. लगेच पुढील सुत्तात हाच दृष्टान्त पित्यांसाठी येतो. तेथे काड्यांऐवजी सगळ्या पृथ्वीच्या मातीच्या बोराच्या बीएवढ्या गोळ्या केल्या आहेत. त्याच संयुत्तात मोहरीचाही दृष्टान्त आहे. एक योजन लांब, रुंद व उंच असे लोखंडी नगर मोहरीने भरावे आणि शंभर वर्षांनी एक दाणा काढावा. मोहरी संपेल, कल्प संपणार नाही.

या दृष्टान्तांत संख्या सांगितलेली नाही, ही गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. काड्या किती, माता किती, याचा आकडा कोठेही येत नाही. एका काडीस एक माता, एका दाण्यास एक शतक, अशी जोडी लावली जाते आणि कोणत्या बाजूला काही उरते ते पाहिले जाते. शालेय पुस्तकांत ज्याला ‘एकास एक संगती’ म्हणतात ती रीत हीच होय. अंकांचे ज्ञान या रीतीला लागत नाही. ज्या शेतमजुराला अक्षर येत नव्हते, तोही प्रत्येक खेपेला भिंतीवर एक रेघ ओढी आणि मजुरी घेताना रेघा दाखवी. वहीतल्या आकड्यावर विश्वास ठेवण्याची त्याला गरज नव्हती. जितक्या रेघा तितक्या खेपा. ज्याला शाळेचे दार बंद होते त्याच्याही हाती राहील असे हे तपासणीचे साधन आहे. तथागतांनी श्रावस्तीत भिक्खूंपुढे हेच साधन वापरावे, हे त्यांच्या उपदेशपद्धतीला शोभणारेच आहे.

आणखी एक बारकावा आहे. संसाराला आरंभ नाहीच, असे प्रतिपादन येथे केलेले नाही. त्याची पूर्वकोटी, म्हणजे आरंभीचे टोक, जाणवत नाही एवढेच सांगितले आहे. या उपदेशाचा शेवटही ‘अनंत किती मोठे’ अशा आश्चर्यात होत नाही. एवढा दीर्घ काळ दुःख भोगले, आता विरक्त होणे व मुक्त होणे पुरे झाले, या निष्कर्षावर तो थांबतो.

२. अफाट म्हणजे अनंत नव्हे

बौद्ध ग्रंथांतील मोठ्या संख्या पाहून पुष्कळ लोक त्यांनाच अनंत समजतात. हा गैरसमज दूर केला पाहिजे. ललितविस्तरात बोधिसत्त्व आणि अर्जुन नावाचा गणक यांचा संवाद आहे. तेथे कोटीपासून शंभर-शंभर पटींनी चढत तल्लक्षण या संख्येपर्यंत नावे दिली आहेत. तल्लक्षण म्हणजे एकावर ५३ शून्ये. ही संख्या कल्पनेत मावत नाही, तरी ती संख्याच आहे. तिच्यात एक मिळविला की ती वाढते आणि एक काढला की घटते.

आचार्य वसुबंधूंनी अभिधर्मकोशात याहून स्पष्ट विवेक केला आहे. बुद्धत्व तीन ‘असंख्येय’ कल्पांनी प्राप्त होते असे म्हणतात. मग जे मोजता येत नाही त्याचे पुन्हा तीन कसे होतील, अशी शंका तेथे घेतलेली आहे. उत्तर असे की, ‘असंख्येय’ हे साठ स्थानांच्या मालिकेतील एका स्थानाचे नाव आहे. त्या मालिकेतील आठ नावे विसरली गेली आहेत, हेही ते प्रांजळपणे नोंदवितात. शब्दाचा भव्य अर्थ बाजूला सारून त्याची निश्चित व्याख्या देण्याची ही वृत्ती आम्हाला महत्त्वाची वाटते. अनंताविषयीच्या वादाचे मूळ पुष्कळदा व्याख्येच्या अभावातच असते, हे पुढे दिसून येईल.

३. वीरसेनांची रीत

दोन्ही बाजूंना न संपणारे समूह ठेवून त्यांच्या जोड्या लावण्याचे धाडस जैन आचार्यांनी केले. जैन परंपरेत संख्येचे संख्यात, असंख्यात व अनंत असे तीन मुख्य भेद असून त्यांचे पुन्हा पोटभेद आहेत. सर्व अनंते सारखी नसतात, हा विचार त्या वर्गीकरणातच अंतर्भूत आहे. षट्खंडागम या प्राचीन ग्रंथावर आचार्य वीरसेनांनी ‘धवला’ नावाची टीका लिहिली व ती इ. स. ८१६ मध्ये पूर्ण केली, असे सामान्यतः मानले जाते. तेथे मिथ्यादृष्टी जीवांचे प्रमाण किती, असा प्रश्न येतो. वीरसेनांची रीत अशी: एका बाजूला अनंतानंत अवसर्पिणी-उत्सर्पिणींचे समय ठेवावेत, दुसऱ्या बाजूला जीवांचा राशी ठेवावा. एक समय काढावा, एक जीव काढावा. असे करीत गेल्यास समय संपतात, जीव संपत नाहीत. म्हणून जीवराशी मोठा.

या ग्रंथाच्या प्रकाशनाचे काम आपल्या विदर्भात झाले, ही गोष्ट मराठी वाचकांनी ध्यानात ठेवावी. मूडबिद्रीच्या भांडारात ताडपत्रांवर शतकानुशतके राहिलेला हा ग्रंथ अमरावती येथील प्राध्यापक हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ पासून प्रसिद्ध होऊ लागला. १९४२ मध्ये निघालेल्या चौथ्या खंडात लखनौ विद्यापीठाचे गणितज्ञ अवधेश नारायण सिंह यांनी धवलेतील गणितावर निबंध लिहिला आणि अनंत राशींच्या तुलनेसाठी एकास एक संगती वापरली गेल्याचे दाखवून दिले.

वीरसेनांचे श्रेय मोठे आहे. परंतु त्यांच्या युक्तिवादात एक उणीव राहते आणि ती सांगितल्यावाचून आमचा विषय पुढे जाणार नाही. एका बाजूला काड्यांचा ढीग, म्हणजे संपणारा समूह, असेल तर जोड्या कशाही लावा, निर्णय एकच येतो. दोन्ही बाजू न संपणाऱ्या असतील तर तसे होत नाही. एका बाजूला १, २, ३, ४ असे सर्व अंक आणि दुसऱ्या बाजूला २, ४, ६, ८ असे केवळ सम अंक घ्या. प्रत्येक सम अंकाची जोडी त्याच अंकाशी लावली, तर पहिल्या बाजूला सर्व विषम अंक उरतात. परंतु १ ची जोडी २ शी, २ ची ४ शी, ३ ची ६ शी अशी लावली तर कोणीच उरत नाही. तात्पर्य, अनंत समूहांच्या बाबतीत एका रीतीने काही उरले एवढ्यावरून मोठा-लहान ठरत नाही. कोणत्याही रीतीने जोड्या पुऱ्या होत नाहीत, असे सिद्ध करावे लागते. ते सिद्ध व्हायला आणखी एक हजाराहून अधिक वर्षे जावी लागली.

४. पाटणचा मठ आणि भास्कराचार्यांचा खहर

आता पुन्हा खानदेशात येऊ. यावलहून दक्षिणेस, तापी ओलांडून जळगाव जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला गेले की चाळीसगाव तालुक्यात सातमाळा डोंगराच्या कुशीत पाटण हे स्थान लागते. त्याच डोंगररांगेत पितळखोऱ्याची प्राचीन बौद्ध लेणी आहेत. पाटण येथील एका शिलालेखाची माहिती डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधातून विद्वानांपुढे आली. शके ११२८ मधील दानाचा उल्लेख असलेल्या या लेखानुसार, यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी चांगदेव याने आपले आजोबा भास्कराचार्य यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापिला आणि निकुंभ वंशातील सोइदेवाने त्याला दान दिले. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत असून पाटणच्या बाजारातील विक्रीवरील आकाराचा हिस्सा मठाला दिल्याची नोंद त्यात आहे. त्या बाजारात राबणाऱ्या हातांपैकी किती हातांना मठातील पोथी उघडता आली, हे मात्र लेख सांगत नाही.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मधील. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे इ. स. ११५० मध्ये, त्यांनी सिद्धान्तशिरोमणी रचला. त्यातील बीजगणितात शून्याने भागलेल्या राशीला त्यांनी ‘खहर’ म्हटले व तो अनंत आहे असे सांगितले. खहरात काही मिळविले किंवा त्यातून काही वजा केले तरी त्यात विकार होत नाही. सृष्टीच्या वेळी असंख्य प्राणी अच्युतातून बाहेर पडले अथवा प्रलयकाळी त्याच्यात लीन झाले तरी अच्युतात फरक पडत नाही, तसे हे आहे, असा दृष्टान्त त्यांनी दिला. पुढे इ. स. १६०० च्या सुमारास टीकाकार कृष्ण दैवज्ञ यांनी याचे सयुक्तिक विवेचन केले. भाजक जसजसा लहान होतो तसतसा भागाकार वाढत जातो. म्हणून भाजक शून्य होताच भागाकाराला मर्यादा राहत नाही.

आजच्या गणितात शून्याने भागण्याला अर्थ दिला जात नाही. परंतु ‘मिळविल्याने अनंत बदलत नाही’ हे भास्कराचार्यांचे निरीक्षण एकास एक संगतीच्या कसोटीवर उतरते. १, २, ३ या मालिकेच्या आरंभी शून्य ठेवला तरी ० ची जोडी १ शी, १ ची २ शी लागत जाऊन काहीच उरत नाही. वजाबाकीचे तसे नाही. सर्व अंकांतून सम अंक काढले तर अनंत विषम अंक शिल्लक राहतात. दहापेक्षा मोठे सर्व अंक काढले तर केवळ दहा अंक उरतात. दोन्ही वेळा अनंतातूनच अनंत काढले, तरी शिल्लक वेगळी निघाली. अच्युताच्या दृष्टान्ताने मनाचे समाधान झाले, परंतु काय काढले आणि काय उरले, हा हिशेब त्या दृष्टान्तात झाकला गेला. ईश्वराची उपमा दिली की पुढचा प्रश्न विचारण्याची निकड संपते, याचे हे एक बोलके उदाहरण आहे. भास्कराचार्यांच्या बुद्धिमत्तेला यामुळे कमीपणा येत नाही. खानदेशाने त्यांच्या नावाचा अभिमान जरूर बाळगावा. मात्र सर्व गणित त्यांना ठाऊक होते, अशा घोषणांनी त्यांचा गौरव होत नाही.

५. युरोपातील संघर्ष

पूर्ण हा भागापेक्षा मोठा असतो, हे ग्रीक भूमितिकार युक्लिड याने गृहीत धरलेले तत्त्व युरोपात दोन हजार वर्षे निर्विवाद मानले गेले. १६३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात गॅलिलिओने दाखविले की, १, ४, ९, १६ हे वर्ग अंक सर्व अंकांचा लहानसा भाग असूनही प्रत्येक अंकाला त्याचा वर्ग जोडता येतो आणि कोणी उरत नाही. त्याने निष्कर्ष काढला की मोठे, लहान व समान हे शब्द अनंताला लागूच पडत नाहीत. लायबनिझने याच अडचणीवरून अनंत संख्या मानणेच नाकारले. प्राग येथील धर्मोपदेशक व गणितज्ञ बोल्झानो याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १८५१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याने भाग व पूर्ण यांच्या जोड्या लागतात हे मान्य केले, परंतु तेवढ्यावरून त्यांना समान म्हणण्यास तो तयार नव्हता.

ही कोंडी गेऑर्ग कँटर व रिखार्ड डेडेकिंड या दोन जर्मन गणितज्ञांनी फोडली. जी गोष्ट अडचण म्हणून सांगितली जात होती तिलाच त्यांनी व्याख्या बनविले. ज्या दोन समूहांची, कोणत्या का होईना रीतीने, एकास एक संगती लागते ते कँटरच्या मते समान. आणि ज्या समूहाची आपल्याच एखाद्या भागाशी अशी संगती लागते तो अनंत, असे डेडेकिंडने १८८८ मध्ये मांडले.

यावलच्या शिक्षकाच्या शंकेचे उत्तर येथे मिळते. दृष्टान्तापुरते असे धरू की पिढ्या खरोखरच न संपणाऱ्या आहेत आणि प्रत्येक स्थानावरील पूर्वज वेगळा आहे. मागील पहिल्या पिढीत दोन, दुसऱ्या पिढीत चार, तिसऱ्या पिढीत आठ असे पूर्वज येतात. त्यांना पिढीच्या क्रमाने एका रांगेत उभे करा. पहिली माता रांगेतील पहिल्याला, दुसरी दुसऱ्याला, अशी जोडत जा. रांगेतील प्रत्येकाची पाळी केव्हा तरी येतेच. म्हणून मातांची ओळ आणि सर्व पूर्वज यांचे प्रमाण समान ठरते. भाग असूनही समान, कारण समान या शब्दाची व्याख्याच तशी केली आहे.

तर मग सर्वच अनंते समान आहेत काय? नाहीत. १८७४ मध्ये कँटरने सिद्ध केले की रेषेवरील बिंदूंची १, २, ३ या अंकांशी संगती कोणत्याही रीतीने लागत नाही. १८९१ मध्ये त्याने दिलेली सोपी युक्ती आपल्या पूर्वजांच्या उदाहरणानेच समजून घेता येईल. पूर्वजांऐवजी आता वंशरेषा मोजू. वंशरेषा म्हणजे प्रत्येक पायरीवर आई किंवा बाप यांतील एकाची निवड करीत मागे जाणारी न संपणारी वाट. कोणी सर्व वंशरेषांची यादी करून आणली असे समजा. आपण एक नवी रेषा रचू. यादीतील पहिल्या रेषेच्या पहिल्या पायरीवर आई असेल तर आपण बाप घ्यावा, बाप असेल तर आई घ्यावी. दुसऱ्या रेषेच्या दुसऱ्या पायरीवर असेच उलट करावे, तिसऱ्या रेषेच्या तिसऱ्या पायरीवर तसेच. ही नवी रेषा यादीतील प्रत्येक रेषेपेक्षा निदान एका पायरीवर वेगळी आहे. म्हणजे ती यादीत नाही. यादी कोणीही आणो, एक तरी रेषा बाहेर राहतेच. पूर्वजांची रांग लावता येते, वंशरेषांची रांग कधीच लावता येत नाही. वीरसेनांच्या युक्तिवादात जे हवे होते ते येथे आले. ‘एका रीतीने उरले’ या ठिकाणी ‘कोणत्याही रीतीने उरणारच’ हे सिद्ध झाले.

हे सहजासहजी मान्य झाले नाही. बर्लिनचे प्रभावी गणितज्ञ क्रोनेकर यांना पूर्णांकांपासून मर्यादित पायऱ्यांनी जे रचता येत नाही ते गणितच वाटत नव्हते. आपल्या १८७८ च्या निबंधाच्या प्रकाशनाला त्यांनीच विलंब लावला, असा कँटरचा समज होता. १८८४ पासून कँटरला मानसिक आजाराचे झटके येऊ लागले आणि १९१८ मध्ये हाले येथील रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. विशेष म्हणजे कँटरनेही आपल्या सर्व अनंतांच्या पलीकडे एक ‘परम अनंत’ मानून ते ईश्वराकडे सोपविले होते आणि धर्मपंडितांशी त्याविषयी पत्रव्यवहार केला होता. पाटणच्या मठात ज्यांची पोथी शिकविली गेली ते भास्कराचार्य आणि हाले येथील कँटर यांनी आपल्या विचाराच्या अखेरच्या टोकाला एकच नाव लिहिले, हे विचार करण्यासारखे आहे.

कँटरनंतरही वाद मिटला नाही. समूहाची कल्पना सैल सोडली तर ती स्वतःशीच विसंगत होते, हे रसेल यांच्या १९०१ मधील विरोधाभासाने उघड झाले. डच गणितज्ञ ब्रौवर यांनी पूर्ण झालेले अनंत ही कल्पनाच नाकारली. हिल्बर्ट यांनी कँटरच्या सिद्धान्ताचा जोरदार पुरस्कार केला. शेवटी नियम काटेकोर मांडून काम पुढे गेले. तरीही अंकांचे अनंत आणि रेषेवरील बिंदूंचे अनंत यांच्या मध्ये आणखी एखादे अनंत आहे काय, हा कँटरचा प्रश्न त्या प्रचलित नियमांनी सुटत नाही. त्या नियमांनी ‘नाही’ हे उत्तर खोडून काढता येत नाही, असे गोडेल यांनी १९४० पर्यंत दाखविले आणि ते सिद्धही करता येत नाही, असे कोहेन यांनी १९६३ मध्ये दाखविले. नियमच ज्याचा निर्णय देत नाहीत असे प्रश्न असतात, हे गणिताने स्वतःच सिद्ध केले.

६. अव्याकृत आणि व्याकृत

लोक अंतवान की अनंत, या प्रश्नाला तथागतांनी उत्तर दिले नाही, हे सर्वश्रुत आहे. ब्रह्मजाल सुत्तात अंत-अनंताविषयीच्या चार दृष्टी बासष्ट मतांत गणल्या आहेत आणि मालुंक्यपुत्ताला दिलेल्या बाणाच्या उपमेत असल्या प्रश्नांची निष्फळता सांगितली आहे. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात तर्कटावर आधारलेल्या श्रद्धेला ‘धम्म नव्हे’ या विभागात स्थान दिले आहे. यावरून तथागतांनी कँटरचा शोध आधीच लावला होता किंवा गोडेल यांचा निष्कर्ष जाणला होता, असे म्हणणे सर्वथा गैर होईल. तथागतांचा प्रश्न दुःखमुक्तीचा होता, गणिताचा नव्हता. इतरांच्या पोकळ अभिमानाला आपण हसतो, त्याच जातीचा अभिमान आपण बाळगू नये. प्रामाणिकपणे म्हणता येईल ते एवढेच की, ज्या प्रश्नाचा निर्णय हाती असलेल्या साधनांनी होत नाही त्यावर मत लादण्याचे तथागतांनी नाकारले आणि जेथे निर्णय होऊ शकतो तेथे मात्र अत्यंत नेमका प्रश्न विचारला.

अशा नेमक्या प्रश्नाचे उदाहरण मज्झिमनिकायातील अस्सलायन सुत्तात आहे. जन्मामुळे ब्राह्मण श्रेष्ठ, असा दावा करणाऱ्या अस्सलायनाला तथागत असित देवल ऋषीची कथा सांगतात. त्या ऋषीने ब्राह्मणांना विचारले होते: तुमची आई केवळ ब्राह्मणाकडेच गेली, हे तुम्हाला ठाऊक आहे काय? तुमच्या आईच्या आईपासून सातव्या पिढीपर्यंतच्या मातांविषयी हे ठाऊक आहे काय? ठाऊक नाही, असेच उत्तर त्यांना द्यावे लागले. यावलच्या उपासिकेचे बोलणे याच ठिकाणी येऊन मिळते. मातांची ओळ कोणी लिहून ठेवलेली नाही.

येथील हिशेब अनंताचा नाही, संपणारा आहे. सात पिढ्यांत दोन, चार, आठ असे करीत १२८ पर्यंत जाऊन एकूण २५४ पूर्वजांची स्थाने होतात. बापाच्या बापाची वंशावळ त्यांतील सात नावे सांगते. जोड्या लावल्यावर २४७ स्थाने रिकामी उरतात. तिसाव्या पिढीत तर स्थाने १०७ कोटींहून अधिक होतात. पिढीगणिक पंचवीस वर्षे धरली तर हा काळ चांगदेवाच्या मठाच्या थोडा अलीकडचा येतो. त्या वेळी साऱ्या जगातही एवढी माणसे नव्हती. म्हणजे एकच व्यक्ती अनेक स्थानांवर येते, वंशरेषा एकमेकींत मिसळलेल्या असतात. यावरून प्रत्येक जातीत दुसऱ्या जातीचे रक्त आले असे गणिताने सिद्ध होत नाही, हेही सांगितले पाहिजे. परंतु वंशशुद्धीचा दावा करणाऱ्याला ‘किती रेषा तपासल्या आणि किती उरल्या’ असे विचारण्याचा अधिकार कोणालाही आहे आणि त्यासाठी त्याला पोथीची परवानगी लागत नाही.

बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिविषयक निबंधातील युक्तिवादही या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. जातीला आपल्याच मर्यादेत विवाह घडवायचे असतील तर विवाहयोग्य स्त्री-पुरुषांची संख्या सारखी राहिली पाहिजे. जोडीदाराच्या मृत्यूने ही जोडी मोडते आणि एक स्त्री किंवा एक पुरुष जास्तीचा उरतो. उरलेल्या स्त्रीसाठी सती आणि सक्तीचे वैधव्य, उरलेल्या पुरुषासाठी बालिकेशी विवाह, हे उपाय जातिव्यवस्थेने योजिले असे बाबासाहेबांनी दाखविले. ज्या रूढींना धर्माचे गूढ वलय होते त्यांचा उलगडा ‘जोड्या लावल्यावर उरते कोण’ या साध्या प्रश्नाने झाला.

या सर्व इतिहासातून आम्ही एक बोध घेतो. अनंत समूहांत काही उरणे हे निर्णायक नसते. तेथे उरलेल्यालाही दुसऱ्या रीतीने जोडी मिळू शकते. माणसांचा समाज मात्र संपणारा समूह आहे. येथे उरलेला तो उरतोच. पाण्यावाचून, अक्षरावाचून, जमिनीवाचून जो उरला, त्याला ‘सर्वत्र एकच अनंत तत्त्व भरले आहे’ असे सांगून जोडी मिळत नाही. अनंताचा विचार गणितज्ञांनी जरूर करावा, त्यात मानवी बुद्धीचे वैभव आहे. परंतु अनंताची भाषा वापरून कोणी आपल्यापुढचा संपणारा हिशेब झाकू लागला, तर त्याला तिणकट्ठ सुत्तातील माणसाप्रमाणे एक-एक काडी खाली ठेवावयास सांगावे.

यावलच्या त्या शिक्षकाला आम्ही कँटरचे उत्तर कळविले. उपासिकेच्या प्रश्नाचे उत्तर मात्र आमच्यापाशी नव्हते. पुढील वर्षावासात त्या विहारातील प्रत्येक कुटुंबाने आपल्या आईचे, आईच्या आईचे आणि जेवढे आठवते तेवढ्या मातांचे नाव वहीत लिहावे, एवढे आम्ही सुचविले आहे. ओळ लांब होणार नाही. कोठे तीन नावे होतील, कोठे चार. परंतु जेवढी नावे लिहिली जातील तेवढ्या माता कागदावर येतील, एकास एक.